प्रकार-मर्यादा, संगणकीय भाषांतील

संगणकाच्या आज्ञावली ज्या भाषांत लिहिल्या जातात, त्यांपैकी अनेक भाषांत एखादे फंक्शन वा एखादी रचना अनेक प्रकारांच्या मूल्यांसाठी एकदाच लिहून ठेवता येते. अशा वेळी प्रत्यक्ष प्रकाराच्या जागी एक चल योजतात. त्यास प्रकार-चल म्हणतात. या चलाच्या जागी कोणते प्रकार घालता येतील व कोणते येणार नाहीत हे सांगणारी जी अट चलाच्या घोषणेतच नोंदविलेली असते, तिला प्रकार-मर्यादा असे म्हणतात. अट मोडली गेल्यास संकलक म्हणजेच कंपायलर आज्ञावली नाकारतो. चूक त्यामुळे ती चालविण्यापूर्वीच उघडकीस येते. ही कल्पना १९८५ साली बऱ्याच पूर्ण रूपात मांडली गेली. परंतु ती वापरणाऱ्या भाषांच्या हस्तपुस्तिकांतून तिचे वर्णन करणारे शब्द त्यानंतरही पुनःपुन्हा दुरुस्त करावे लागले, आणि या विषयाच्या इतिहासाचा निम्मा भाग तरी या दुरुस्त्यांचाच आहे.

मराठीत 'मर्यादा' हा शब्द योजताना प्रथमच एक खुलासा करणे अवश्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणी, राळेगाव किंवा पांढरकवडा येथे हमीभावाने कापूस खरेदी होते तेव्हा बोंडातील ओलावा मोजला जातो. तो ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. १२ टक्क्यांहून अधिक ओला कापूस नाकारला जातो. येथे मर्यादा आहे ती एका संख्येवर, म्हणजे मूल्यावर. अशी मर्यादा संगणकीय भाषेत सांगण्याची सोय निक्लाउस व्हिर्ट (१९३४–२०२४) यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या पास्कल भाषेत होती. ८ ते १२ एवढीच मूल्ये घेऊ शकणारा उपपल्ला प्रकार त्या भाषेत घोषित करता येतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा नव्हे. ओलावा किती असावा हा मूल्याचा प्रश्न झाला; काट्यावर आलेली वस्तू कापूस आहे, तूर आहे की सोयाबीन, आणि त्यानुसार तिला कोणते प्रश्न विचारता येतात, हा प्रकाराचा प्रश्न होय. तुरीला धाग्याची लांबी विचारता येत नाही. दोन्ही ठिकाणी आपण 'मर्यादा' हाच शब्द वापरतो, म्हणून विद्यार्थी पहिल्याच पायरीवर घसरतो. प्रस्तुत लेखकाने वर्गात हा घोटाळा इतक्या वेळा पाहिला आहे, की आता तो विषयप्रवेशाचाच भाग मानावा लागतो.

मर्यादेची गरज का भासते ते याच बाजारातील उदाहरणावरून स्पष्ट होईल. 'माल' हा एक व्यापक प्रकार मानू. कापूस, तूर व सोयाबीन हे त्याचे उपप्रकार होत. प्रत्येक मालाला वजन असते. धाग्याची लांबी मात्र फक्त कापसाला. दोन ढिगांपैकी अधिक वजनाचा ढीग निवडून परत देणारे एक फंक्शन आपण लिहिले आणि 'दोन माल घेतो, एक माल देतो' असे त्याचे वर्णन केले. त्याला कापसाचे दोन ढीग दिले तर त्यांपैकी एक परत येईल हे उघड आहे. पण संकलकास तेवढेच ठाऊक असते जेवढे वर्णनात लिहिले आहे. त्याच्या लेखी जे परत आले तो नुसता 'माल'. त्याच्या धाग्याची लांबी विचारताच तो हरकत घेतो. कापूस फंक्शनच्या एका दारातून आत गेला आणि दुसऱ्या दारातून बाहेर येताना आपले नाव हरवून बसला.

याउलट कोणतीही अट न घालता 'टी प्रकाराच्या दोन वस्तू घेतो व टी प्रकाराचीच एक देतो' असे लिहिले, तर नाव टिकते, परंतु टीला वजन असेलच याची खात्री राहत नाही आणि फंक्शनच्या पोटात वजन विचारता येत नाही. 'टी हा मालाचा कोणताही उपप्रकार असो; टी प्रकाराच्या दोन वस्तू घेतो व टी प्रकाराचीच एक देतो' असे वर्णन केल्यास दोन्ही अडचणी दूर होतात. वजन विचारता येते आणि कापूस कापूसच राहतो. मर्यादित प्रकार-चलाचे सारे सामर्थ्य या एका वाक्यात आहे. हस्तपुस्तिकांत मात्र त्याचा पूर्वार्धच तेवढा ठळकपणे सांगितला जातो.

पूर्वपीठिका : प्रकारांचा सिद्धांत मुळात तर्कशास्त्रातील. 'स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच' यासारख्या विरोधाभासांतून सुटका व्हावी म्हणून बर्ट्रंड रसेल (१८७२–१९७०) यांनी तो १९०८ साली विस्ताराने मांडला. अलोन्झो चर्च (१९०३–९५) यांनी १९४० मध्ये त्यास आपल्या लॅम्डा-कलनाची जोड दिली. एकच फंक्शन अनेक प्रकारांवर चालणे या गुणाचे दोन भेद ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची (१९१६–७५) यांनी १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत स्पष्ट केले : सर्व प्रकारांना एकाच रीतीने लागू पडणारे फंक्शन हा एक, आणि प्रत्येक प्रकारासाठी वेगळा मजकूर असलेले पण एकाच नावाचे फंक्शन हा दुसरा. फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झां-इव्ह झिरार यांनी १९७२ मध्ये व अमेरिकेत जॉन रेनॉल्ड्स (१९३५–२०१३) यांनी १९७४ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे जी पद्धती उभारली, तीत प्रकार-चल सर्व प्रकारांवर फिरतो. त्याला कोणतीही मर्यादा नसते.

उपप्रकाराची कल्पना दुसऱ्या वाटेने आली. नॉर्वेमधील ओले-योहान डाल (१९३१–२००२) आणि क्रिस्टेन न्यूगार्ड (१९२६–२००२) यांच्या सिम्युला ६७ या भाषेत एका वर्गापासून दुसरा वर्ग वारसाहक्काने निर्माण करण्याची सोय होती. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बार्बारा लिस्कॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–८० या दशकात घडविलेल्या क्लू भाषेत प्रकार-चलाला एक पुरवणी कलम जोडता येई : या प्रकाराकडे अमुक क्रिया असलीच पाहिजे. व्यवहारातील भाषेत मर्यादा लिहिण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत क्लूचे स्थान महत्त्वाचे आहे.

या दोन वाटा लूका कार्डेली व ब्राउन विद्यापीठातील पीटर वेग्नर (१९३२–२०१७) यांनी १९८५ च्या आपल्या विस्तृत निबंधात एकत्र आणल्या. सर्व प्रकारांवर फिरणाऱ्या चलाला त्यांनी उपप्रकार-संबंधाची अट घातली. वर दिलेले मालाचे उदाहरण तत्त्वतः त्यांच्याच मांडणीचे आहे. आपली मांडणी त्यांनी 'फन' नावाच्या एका छोट्या आदर्श भाषेतून समजावून दिली.

स्वतःकडेच बोट दाखविणारी मर्यादा : या मांडणीत एक उणीव लवकरच दिसून आली. समजा, दोन वस्तूंची प्रतवारी लावणारे फंक्शन लिहावयाचे आहे व त्यासाठी 'टी हा तुलनीय या प्रकाराचा उपप्रकार असावा' अशी मर्यादा घातली. तुलनीय याचा अर्थ जर 'इतर कोणत्याही तुलनीय वस्तूशी तुलना करू शकणारा' असा असेल, तर कापसाला तुरीशीही तुलना करता आली पाहिजे, आणि ते निरर्थक आहे. हवी असते ती 'स्वतःच्याच प्रकाराशी तुलना करू शकणारा' अशी मर्यादा. म्हणजे टीच्या मर्यादेत पुन्हा टीच यावा लागतो. पीटर कॅनिंग, विल्यम कुक, वॉल्टर हिल, वॉल्टर ओल्टहॉफ व जॉन मिचेल यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. पहिल्या वाचनात ती चक्राकार वाटते, पण तशी ती नाही. 'जो आपल्या भावकीत सोयरीक करीत नाही तो' या वर्णनात 'आपल्या' हा शब्द ज्या माणसाबद्दल बोलणे चालले आहे त्याच्याकडेच वळतो, तरी ऐकणाऱ्यास कोणतीही अडचण पडत नाही.

त्याच वर्षी फिलिप वॉडलर व स्टीफन ब्लॉट यांनी प्रकार-वर्गांची निराळी कल्पना पुढे आणली. हॅस्केल भाषेने १९९० मध्ये ती उचलली. येथे मर्यादा म्हणजे दुसरा एखादा प्रकार नसतो. प्रकाराने पुऱ्या करावयाच्या क्रियांची ती यादी असते. रस्ट या भाषेतील मर्यादा याच घराण्यातील आहेत.

मर्यादांची किंमतही ध्यानात आली. एका मर्यादित चलाच्या वर्णनाची तुलना दुसऱ्याशी करताना दोघांच्या मर्यादा वेगळ्या असू दिल्या, तर एक प्रकार दुसऱ्याचा उपप्रकार आहे की नाही हे प्रत्येक वेळी निश्चित ठरवून देणारी कोणतीही यांत्रिक रीत असू शकत नाही, असे बेंजामिन पिअर्स यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. तेव्हापासून प्रत्येक भाषाकर्त्यास मर्यादांचे सामर्थ्य कोठे तरी छाटावे लागते, आणि कोठे छाटले हे हस्तपुस्तिकेत नोंदवावे लागते.

केवळ कागदावरील मर्यादा : सी-प्लस-प्लस या भाषेची कथा या दृष्टीने फार बोधक आहे. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी सिद्ध केलेले प्रमाण साचा-ग्रंथालय १९९४ मध्ये त्या भाषेच्या प्रमाणीकरणासाठी स्वीकारले गेले. त्यातील प्रत्येक फंक्शनला आपल्या प्रकार-चलाकडून काही अपेक्षा होत्या. जसे दोन मूल्यांत लहान कोणते हे सांगता यावे. या अपेक्षा दस्तऐवजांत काटेकोर कोष्टकांनी लिहिलेल्या होत्या. भाषेत मात्र त्या लिहिण्यास जागाच नव्हती. परिणामी मर्यादा होती, पण ती फक्त वाचणाऱ्याला दिसे, संकलकाला नव्हे. अपेक्षा न पुरविणारा प्रकार दिल्यास चूक उघडकीस येई ती ग्रंथालयाच्या अंतर्भागात खोल कोठेतरी, आणि पानेच्या पाने भरणारा संदेश आज्ञावलीकाराच्या अंगावर कोसळे. या अपेक्षा भाषेतच सांगता याव्यात म्हणून तयार झालेला 'कन्सेप्ट' या नावाचा प्रस्ताव २००९ मध्ये प्रमाणकाच्या मसुद्यातून वगळण्यात आला व नव्या रूपात २०२० च्या प्रमाणकात दाखल झाला. कोष्टकातून भाषेत यायला त्या मर्यादांना सुमारे पाव शतक लागले.

जाव्हा व शब्दांची ओढाताण : जाव्हा भाषेत प्रकार-चल ३० सप्टेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत आले. त्यांचा आराखडा गिलाड ब्राखा, मार्टिन ओडर्स्की, डेव्हिड स्टाउटमायर व वॉडलर यांच्या १९९८ च्या कामावर आधारलेला होता. मर्यादा दर्शविण्यासाठी 'एक्स्टेंड्स' हाच शब्द घेण्यात आला. जाव्हात एक वर्ग दुसऱ्याचा वारसा घेतो तेव्हा तोच शब्द येतो आणि वर्ग एखाद्या आंतरपृष्ठाच्या अटी पाळतो तेव्हा 'इम्प्लिमेंट्स' हा वेगळा. मर्यादेत मात्र दोन्हींसाठी 'एक्स्टेंड्स'च. नवा राखीव शब्द काढला असता तर जुन्या आज्ञावली मोडण्याचे भय होते, हे खरे. पण त्यामुळे प्रत्येक पाठ्यपुस्तकाला 'येथे या शब्दाचा अर्थ निराळा आहे' अशी पुस्ती जोडावी लागली.

त्यात अनामिक प्रकार-चलांची भर पडली. 'मालाच्या कोणत्या तरी उपप्रकाराची यादी' आणि 'कापसाच्या कोणत्या तरी अधिप्रकाराची यादी' अशी दोन वर्णने जाव्हात करता येतात. पहिलीत 'एक्स्टेंड्स' व दुसरीत 'सुपर' हा शब्द असतो. पहिल्या यादीतून माल काढता येतो, पण तीत काही घालता येत नाही. ती तुरीची असेल तर तीत कापूस कसा टाकणार? दुसरीत कापूस निर्धास्तपणे टाकता येतो, पण तीतून जे निघेल ते कापूसच असेल असे म्हणता येत नाही. भाषेचा अधिकृत विनिर्देश हे सर्व अचूक सांगतो, पण ते वाचून समजणारा वाचक विरळा. जोशुआ ब्लॉक यांनी २००८ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'पुरवठा करणाऱ्यास एक्स्टेंड्स, स्वीकारणाऱ्यास सुपर' अशा आशयाचे चार इंग्रजी शब्दांचे सूत्र दिले, आणि विनिर्देशाच्या कित्येक परिच्छेदांनी जे साधले नव्हते ते त्याने साधले.

ग्रंथालयातील 'मॅक्स' या फंक्शनची घोषणा हा तर दस्तऐवजाच्या मौनाचा नमुना म्हणावा लागेल. समूहातील सर्वांत मोठा घटक देणाऱ्या या फंक्शनच्या प्रकार-चलाला दोन मर्यादा आहेत. त्याने तुलनीय असावे ही दुसरी. आणि त्याने 'ऑब्जेक्ट' असावे ही पहिली. जाव्हातील यच्चयावत वस्तू ऑब्जेक्ट असतातच, तेव्हा पहिली मर्यादा वाचणाऱ्यास निव्वळ फापटपसारा वाटते. तिचे कारण भाषेच्या अर्थात नसून इतिहासात आहे. संकलनानंतर जाव्हा प्रकार-चल पुसून टाकते व त्याच्या जागी पहिली मर्यादा ठेवते. २००४ पूर्वीच्या 'मॅक्स'चे फळ ऑब्जेक्ट होते. पहिली मर्यादा तुलनीय ठेवली असती, तर आधी संकलित झालेल्या जुन्या आज्ञावलींना ते फंक्शन सापडलेच नसते.

ओडर्स्की यांच्याच स्काला भाषेने (२००४) शब्द टाळून चिन्हे स्वीकारली आणि खालची मर्यादा प्रकार-चलालाही दिली. न बदलणाऱ्या कापसाच्या यादीस तुरीचा एक ढीग जोडला तर चूक न मानता 'मालाची यादी' हे उत्तर यावे, अशी तिची योजना आहे : नव्या यादीचा प्रकार कापसाचा कोणताही अधिप्रकार असू शकतो. 'वरची' व 'खालची' हे शब्द येथे प्रकारांच्या वृक्षावरून आले आहेत. हा वृक्ष मूळ वर व फांद्या खाली असा उलटा काढतात. वरची मर्यादा म्हणजे 'तो प्रकार किंवा त्याच्या खालचे काहीही'. संख्यांच्या सवयीने वाचणाऱ्यास वरची मर्यादा म्हणजे 'अधिकात अधिक' असे वाटते, आणि अधिक कशाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

अलीकडील खुलासे : पायथन भाषेत २०१५ मध्ये (आवृत्ती ३.५) प्रकार-सूचनांचे ग्रंथालय आले. त्यात प्रकार-चलावर बंधन घालण्याच्या दोन रीती होत्या. एकीत वरची मर्यादा सांगतात, दुसरीत मोजक्या प्रकारांची यादी. वरवर पाहता एकाच प्रकाराची मर्यादा घालणे आणि अनेकांची यादी देणे यात फक्त संख्येचा फरक दिसतो. तो तसा नाही. मर्यादा घातली असता उपप्रकार आपले नाव राखतो, हे वर पाहिलेच. यादी दिली असता चलाची किंमत त्या यादीतीलच एखाद्या प्रकाराशी तंतोतंत जुळविली जाते. मजकूर या प्रकाराचा एखादा खास उपप्रकार दिला, तरी फळ साधा मजकूर म्हणूनच मानले जाते. हा भेद पायथनच्या दस्तऐवजांत उदाहरणांसह शेजारीशेजारी मांडलेला आहे. २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीतील नव्या लेखनपद्धतीत तर दोहोंत केवळ कंसाचाच फरक उरला.

रस्ट भाषेत (पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५) 'स्टॅटिक' नावाची एक मर्यादा आहे. 'हे मूल्य आज्ञावली संपेपर्यंत जिवंत असते' असा तिचा अर्थ नवशिके सर्रास लावतात. खरा अर्थ एवढाच, की त्या प्रकारात अल्पायुषी उसनवारी नाही, म्हणून मूल्य हवे तितका काळ ठेवता येईल. ते क्षणात टाकून देण्यास कोणतीच आडकाठी नाही.

गो भाषेत प्रकार-चल मार्च २०२२ मध्ये (आवृत्ती १.१८) आले. तीत 'कंपेरेबल' ही पूर्वघोषित मर्यादा आहे : दोन मूल्ये समान आहेत काय, हे विचारता यावे. भाषेत एरवी आंतरपृष्ठ-प्रकारांची मूल्ये समानतेसाठी तपासता येत, पण अशी तपासणी आज्ञावली चालू असताना कधीकधी फसते. म्हणून ते प्रकार या मर्यादेत बसत नसत. ही विसंगती जाचक ठरली. फेब्रुवारी २०२३ मधील १.२० या आवृत्तीत त्यांना प्रवेश मिळाला. त्यासाठी विनिर्देशात 'आंतरपृष्ठ पुरे करणे' आणि 'मर्यादेचे समाधान करणे' या दोन क्रियापदांचे अर्थ वेगळे करण्यात आले. तोवर वाचक ती दोन्ही एकच समजत असत. एका क्रियापदाची अशी फोड करून भाषेचा नियम बदलण्याचा हा प्रसंग प्रत्येक दस्तऐवज-लेखकाने अभ्यासावा असा आहे.

सर्वांत गंभीर दोष मात्र कोणत्याही शब्दात नव्हता. न लिहिलेल्या गृहीतकात होता. एखाद्या चलाची खालची मर्यादा कापूस व वरची मर्यादा तूर असेल तर त्यातून 'कापूस हा तुरीचा उपप्रकार होय' असा विपरीत निष्कर्ष निघतो. असा प्रकार अस्तित्वातच नसल्यामुळे त्याचे मूल्य कोणी निर्माण करू शकणार नाही, मग धोका कसला, असे धरून चालले होते. पण जाव्हात व स्कालात 'नल' हे रिक्त मूल्य सर्व वस्तु-प्रकारांत बसते, अस्तित्वात नसलेल्या या प्रकारातही. नदा अमीन व रॉस टेट यांनी २०१६ मध्ये याच फटीतून कोणत्याही प्रकाराचे मूल्य दुसऱ्या कोणत्याही प्रकाराचे म्हणून संकलकाच्या डोळ्यांदेखत पार करून दाखविले. २००४ पासून बारा वर्षे, लक्षावधी आज्ञावलीकारांच्या रोजच्या वापरात, ही फट कोणाच्या लक्षात आली नव्हती. दोन्ही भाषांचे अंमलबजावणी-यंत्र प्रत्यक्ष चालविताना प्रकार पुन्हा तपासते, त्यामुळे स्मृतीची नासधूस होत नाही, आज्ञावली फक्त थांबते. संकलकाने दिलेली हमी मात्र तेवढ्यापुरती खोटी ठरते.

मराठी वाचकासमोर ही सर्व चर्चा इंग्रजी शब्दांतूनच येते. यवतमाळ, पुसद किंवा उमरखेडच्या विद्यार्थ्यास 'अपर बाउंड' हे दोन शब्द पाठ असतात, आणि त्यांचे 'वरची मर्यादा' असे शब्दशः रूपांतर केले की तो पुन्हा ८ ते १२ टक्क्यांकडेच वळतो. 'सीमा' हा पर्याय गणितातील वेगळ्या कल्पनेत गुंतलेला आहे. 'बंधन' या शब्दात पायथनच्या दोन्ही रीती एकत्र होतात. 'मर्यादा' हाच शब्द ठेवून घोषणा पूर्ण वाक्याने वाचण्याची सवय लावणे, हा मार्ग प्रस्तुत लेखकास वर्गात त्यातल्या त्यात उपयोगी पडला आहे : 'टी म्हणजे माल किंवा मालाचाच एखादा प्रकार, जो आत गेला तोच बाहेर येईल.' वाक्याचा उत्तरार्ध फळ्यावरून पुसून परिणाम काय होईल असे विचारले, की धाग्याची लांबी आता विचारता येणार नाही हे उत्तर मागच्या बाकावरूनही येते.